साथीत माणसे कशाने मरतात? न्यू इंग्लंडमधील वसाहतवाले आणि मूलनिवासी



आजच्या व्याख्यानासाठी आम्ही जो विषय घेतला आहे, तो वरवर पाहता आपल्यापासून फार दूरचा वाटेल. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याला पुढे न्यू इंग्लंड हे नाव पडले. तेथे चारशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधून वसाहतवाले येऊन राहिले. हजारो वर्षांपासून तेथे नांदणारे मूलनिवासी लोक होतेच. या दोन समाजांच्या गाठी पडल्यानंतर दीड शतकात मूलनिवासींची संख्या अतिशय घटली आणि वसाहतवाल्यांची सारखी वाढत गेली. असे का झाले? शाळेच्या पुस्तकापासून मोठमोठ्या ग्रंथांपर्यंत याचे एक ठरीव उत्तर मिळते. गोऱ्यांनी आपल्याबरोबर रोग आणले, मूलनिवासींच्या अंगात त्या रोगांना तोंड देण्याची शक्ती नव्हती, म्हणून ते मेले.

हे उत्तर खोटे नाही, परंतु अपुरे आहे. ते ऐकून माणसाचे समाधान होते आणि पुढचा प्रश्न विचारण्याचे तो सोडून देतो. 'रक्तच दुबळे होते, त्याला कोण काय करणार?' असे म्हटले की कोणाचीच जबाबदारी उरत नाही. म्हणून आज आम्ही आपणांसमोर त्या काळातील काही नोंदलेल्या घटना ठेवणार आहोत. रोग अंगात शिरतो तो जंतूमुळे. पण अंगात शिरल्यावर किती माणसे वाचतील आणि किती मरतील, हे पुष्कळ अंशी समाजाची घडी, अन्न, पाणी, निवारा आणि शुश्रूषा यांवर ठरते. हे एकच म्हणणे आज आम्हांला मांडावयाचे आहे.

मूलनिवासींचे रोजचे जीवन

प्रथम त्या लोकांचे रोजचे जीवन पाहू. आजच्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आग्नेय किनाऱ्यावर वाम्पानोआग लोकांची गावे होती. लवचीक खांब वाकवून जमिनीत रोवायचे आणि त्यांवर झाडाची साल किंवा लव्हाळ्याच्या चटया घालायच्या, अशी त्यांची घरे असत. मध्यभागी शेकोटी आणि वर धूर जाण्यास वाट. उन्हाळ्यात ते समुद्राजवळ शेती व मासेमारी करीत, हिवाळ्यात आतल्या आडोशाच्या जागी जात. शेती बहुतांशी स्त्रियांच्या हाती होती. मका, घेवडा आणि भोपळा ही पिके त्या एकाच वाफ्यात घेत. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढे आणि भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल धरीत. हिवाळ्यासाठी मका जमिनीखालच्या पेवांत साठवला जाई. पेव म्हणजे काय, हे आपल्याकडील जुन्या माणसांना सांगावयास नको.

१६०५ मध्ये शांप्लँ या फ्रेंच प्रवाशाने या किनाऱ्याचा नकाशा काढला. त्यात पटक्सेट या गावाभोवती घरे आणि शेते दाखवलेली आहेत. हा भाग ओसाड रान होता आणि गोऱ्यांनी येऊन तो वसवला, ही समजूत त्या एका नकाशानेच खोटी ठरते.

१६१४ मध्ये थॉमस हंट नावाच्या इंग्रज कप्तानाने पटक्सेट व आसपासच्या वीसहून अधिक माणसांना फसवून जहाजावर घेतले आणि गुलाम म्हणून विकण्यासाठी स्पेनला नेले. त्यांत टिस्क्वांटम नावाचा एक माणूस होता. तो कसाबसा इंग्लंडला पोहोचला, इंग्रजी शिकला आणि १६१९ मध्ये एका जहाजाबरोबर परत आपल्या गावी आला. गावात कोणीही उरले नव्हते.

१६१६ ते १६१९ या काळात त्या किनाऱ्यावर एक भयंकर साथ येऊन गेली होती. ती नेमकी कोणत्या रोगाची होती याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. कोणी देवी म्हणतात, कोणी प्लेग, कोणी उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस. युरोपीय मासेमार व व्यापारी यांच्या जहाजांतून ती आली, हे बहुतेकांस मान्य आहे. किनाऱ्यावरच्या काही गावांत दहांपैकी नऊ माणसे गेली असावीत. नंतर आलेल्या इंग्रजांनी पुरायला कोणी न उरल्यामुळे उघड्यावर पडलेल्या हाडांचे वर्णन करून ठेवले आहे.

वसाहतवाल्यांचा पहिला हिवाळा

१६२० च्या डिसेंबरात मेफ्लॉवर जहाजातून आलेले इंग्रज याच ओसाड पटक्सेटच्या जागी उतरले आणि त्यांनी त्या जागेला प्लिमथ म्हटले. जहाजावर १०२ प्रवासी होते. साफ केलेली शेते त्यांना आयती मिळाली. त्याआधी केप कॉडच्या किनाऱ्यावर त्यांनी मूलनिवासींची पेवे उकरून मका घेतला होता, आणि पुढच्या वर्षी तोच त्यांना बियाणे म्हणून उपयोगी पडला.

आता लक्षपूर्वक पाहा. या पहिल्या हिवाळ्यात वसाहतवालेही मेले, आणि थोडेथोडके नव्हे, तर जवळजवळ निम्मे मेले. दीर्घ समुद्रप्रवास, ताज्या अन्नाचा अभाव, त्यातून होणारा स्कर्व्ही रोग, ओले कपडे, अपुरी घरे आणि कडाक्याची थंडी यांनी त्यांना ग्रासले. 'बळकट रक्ता'चे हे लोक दिवसाला दोन-दोन, तीन-तीन या प्रमाणात मरत होते. पुढे अनेक वर्षे गव्हर्नर असलेल्या विल्यम ब्रॅडफर्डने लिहून ठेवले आहे की, सर्वांत वाईट दिवसांत उभी राहू शकतील अशी सहा-सातच माणसे उरली होती. ती रात्रंदिवस इतरांसाठी लाकडे आणीत, शेकोटी पेटवीत, अन्न शिजवीत, अंथरुणे घालीत आणि घाणेरडे कपडे धूत. त्याच जहाजावरच्या काही खलाशांनी मात्र आजारी सोबत्यांना वाऱ्यावर सोडले.

निम्मे गेले, पण निम्मे वाचले. ते वाचले त्याला ही सहा-सात माणसे हे एक मोठे कारण होते. इतिहासात सेनापतींची आणि राजांची नावे येतात. लाकूड, पाणी आणि पेज आणून देणाऱ्यांची फारशी येत नाहीत. परंतु साथीच्या इतिहासात खरे सेनापती हेच.

वसंतात टिस्क्वांटम या लोकांकडे आला. मका कसा पेरायचा, त्याच्या मुळाशी मासे खत म्हणून कसे घालायचे, हे त्याने त्यांना शिकवले. ज्या गावातून त्याला पळवून नेले होते, त्याच गावाच्या जागी बसलेल्या लोकांना त्याने जगण्याची विद्या दिली. १६२२ मध्ये तोही तापाने वारला.

एका सरदाराचे आजारपण

वाम्पानोआगांचा प्रमुख उसामेक्विन हा होता. मॅसासॉईट या पदवीने तो अधिक ओळखला जातो. साथीत त्याची माणसे गेली, पण शेजारच्या नॅरागॅन्सेट लोकांना त्या साथीची झळ फारशी पोहोचली नव्हती. त्यामुळे त्याचे बळ घटले होते, आणि म्हणूनच त्याने १६२१ मध्ये इंग्रजांशी तह केला. रोगाने राजकारण कसे बदलते, याचे हे उदाहरण आहे.

१६२३ च्या मार्चमध्ये उसामेक्विन मरणपंथाला लागला असल्याची बातमी आली. प्लिमथहून एडवर्ड विन्स्लो हा त्याच्याकडे गेला. तो पोहोचला तेव्हा घर माणसांनी खचाखच भरले होते. मंत्र चालू होते आणि सहा-आठ स्त्रिया रोग्याचे हातपाय चोळून त्यात ऊब आणीत होत्या. म्हणजे त्याचे लोक त्याची सेवा करीतच होते. विन्स्लोजवळ कोणतेही मोठे औषध नव्हते. त्याने रोग्याची सुजलेली, बरबटलेली जीभ स्वच्छ केली, चाकूच्या टोकावर थोडा मुरंबा घेऊन तोंडात घातला, पाणी दिले आणि मग मक्याची पातळ पेज रानातील पाला व मुळी घालून करून पाजली. रोग्याची दृष्टी परतली आणि तो बरा झाला. बरा झाल्यावर त्याने काय केले? गावात आणखी माणसे आजारी होती, त्यांचीही तोंडे धुवावीत आणि त्यांनाही असेच पाजावे, अशी त्याने विनंती केली. विन्स्लोने तेही केले.

मित्रहो, या प्रसंगात चमत्कार काही नाही. स्वच्छता, पाणी आणि पेज एवढेच आहे. मूलनिवासीचे शरीर बरे होण्यास असमर्थ असते, तर तो पेजेने बरा झाला नसता.

१६३३ ची देवीची साथ

आता त्या काळोख्या भागाकडे वळू. १६३३-३४ मध्ये न्यू इंग्लंडमध्ये देवीची साथ आली. देवी हा शब्द आपल्या आजी-आजोबांच्या पिढीला चांगला ठाऊक होता. अंगभर फोड, जळता ताप, आणि वाचलाच तर चेहऱ्यावर जन्मभराचे व्रण. हा रोग एकदा होऊन गेला की सहसा पुन्हा होत नाही. इंग्लंडच्या शहरांत तो वारंवार येई. त्यामुळे मोठ्या माणसांपैकी पुष्कळांना तो लहानपणीच होऊन गेलेला असे. घरात मूल आजारी पडले तर त्याची आई, आजी, शेजारीण अशी कोणीतरी व्यक्ती त्या रोगापासून सुरक्षित असे आणि शुश्रूषा करू शके.

मूलनिवासींच्या गावात देवी पूर्वी आलेली नव्हती. म्हणून तेथे मूल, आई, बाप, आजी, शेजारी असे सगळे एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळले. 'रोगप्रतिकारशक्ती नव्हती' या वाक्यात जे खरे आहे, ते एवढे आहे. पण त्याचा परिणाम कसा झाला ते पाहा. घरात शेकोटीला लाकूड आणायला कोणी नाही, ओढ्यावरून पाणी आणायला कोणी नाही, मका कुटायला कोणी नाही. कनेक्टिकट नदीकाठी गढीवजा कुंपणाच्या एका गावाविषयी ब्रॅडफर्ड लिहितो की, तेथील हजारांपैकी साडेनऊशेहून अधिक माणसे मेली. लोक उघड्या चटईवर पडून असत, फोड फुटून कातडी चटईला चिकटे आणि कूस बदलताना सोलून निघे. ऊब मिळावी म्हणून त्यांनी आपली लाकडी भांडी जाळली, बाण जाळले. काही जण पाण्यासाठी हातापायांवर रांगत निघाले आणि वाटेतच मेले.

ही माणसे देवीने मेली असे आपण म्हणतो. पण ओंजळभर पाणी न मिळाल्याने त्यांतील किती मेली, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

जवळच प्लिमथच्या काही व्यापाऱ्यांचे ठाणे होते. प्रथम ते घाबरले. पुढे त्यांचे आक्रंदन ऐकवेना, तेव्हा ते रोज लाकूड, पाणी व अन्न नेऊन देऊ लागले आणि मेलेल्यांना पुरू लागले. त्यांच्यापैकी कोणीही आजारी पडले नाही. बॉस्टनजवळ सॅम्युएल मॅव्हरिक, त्याची पत्नी आणि नोकर यांनीही अशीच सेवा केली. एका दिवसात तीसहून अधिक प्रेते पुरल्याची त्यांच्याविषयी नोंद आहे. आम्ही या माणसांचे मोठेपण नाकारत नाही. परंतु याच मॅव्हरिकच्या घरी १६३८ मध्ये आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते, हेही नोंदलेले आहे. एका हाताने सेवा आणि दुसऱ्या हाताने माणसाची मालकी या दोन्ही गोष्टी एकाच घरात राहू शकतात. म्हणून व्यक्तीच्या दयेवर समाधान मानून भागत नाही. समाजाची रचना न्यायाची आहे की नाही, हे वेगळे पाहावे लागते.

मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर जॉन विन्थ्रॉप याने या मृत्यूंचा अर्थ वेगळाच लावला. मूलनिवासी बहुतेक मेले, तेव्हा ही जमीन आपलीच असल्याचे परमेश्वराने सिद्ध केले, अशा आशयाचे त्याने १६३४ मध्ये लिहिले. देवाची इच्छा म्हणा की रक्ताचा दोष म्हणा, दोन्ही उत्तरांचा उपयोग एकच झाला. ज्याला जमीन मिळाली त्याला झोप शांत लागली.

रक्त तेच, मरण वेगळे

रक्ताचा सिद्धांत टिकतो का, हे तपासायला नँटकेट बेटाचे उदाहरण फार उपयोगी आहे. केप कॉडच्या दक्षिणेला हे बेट आहे. तेथील वाम्पानोआगांची जमीन हळूहळू इंग्रजांच्या हाती गेली होती आणि अनेक जण कर्जात अडकून देवमाशांच्या शिकारीच्या जहाजांवर राबत होते. १७६३ च्या ऑगस्टपासून पुढील फेब्रुवारीपर्यंत तेथे एक साथ आली. गोऱ्या वस्तीत ती पसरली नाही. झॅकियस मेसी या तेथील रहिवाशाने हिशेब लिहून ठेवला आहे. साथीपूर्वी मूलनिवासी होते ३५८. त्यांपैकी २२२ मेले, ३४ आजारी पडून बरे झाले, ३६ जण रोग्यांत राहूनही वाचले, ८ जण बेटाच्या पश्चिम टोकाला राहत होते ते वाचले, १८ जण समुद्रावर होते ते वाचले, आणि ४० जण इंग्रजांच्या घरांत राहत होते तेही वाचले.

विद्यार्थी मित्रांनी हा हिशेब वहीत उतरवून घ्यावा. ही सर्व ३५८ माणसे एकाच रक्ताची होती. रक्त हेच कारण असते, तर इंग्रजांच्या घरातले चाळीस जण का सुटले? समुद्रावरचे अठरा का सुटले? फरक होता तो ते कोठे राहत होते, कोणाच्या संसर्गात होते आणि कशा स्थितीत होते, याचा.

स्थितीचा विचार करताना जमिनीचा आणि अन्नाचा विचार टाळता येत नाही. वसाहतवाल्यांनी गाई-डुकरे आणली आणि ती मोकाट सोडली. कुंपण नसलेल्या मक्याच्या शेतांत ती शिरत. किनाऱ्यावरचे शिंपले उकरून डुकरे खात, आणि ते शिंपले हे तर मूलनिवासींचे टंचाईच्या दिवसांतील अन्न. तक्रार केली तर तुमच्या शेताला कुंपण घाला, असे सांगितले जाई. जमीन गेली, शिकारीचे रान गेले आणि पेवात घालायला मका कमी पडू लागला. पोटात अन्न नसलेल्या माणसाला रोग लवकर खाली पाडतो. हे सांगायला वैद्य लागत नाही.

धर्मांतर केलेल्यांचीही यातून सुटका झाली नाही. १६५१ मध्ये नॅटिक हे ख्रिस्ती झालेल्या मूलनिवासींचे गाव वसवले गेले. १६७५ मध्ये मेटाकॉमच्या नेतृत्वाखाली, म्हणजे उसामेक्विनच्याच मुलाच्या नेतृत्वाखाली, युद्ध पेटले. तेव्हा नॅटिकचे हे निष्ठावंत लोकही संशयित ठरले. त्यांना बॉस्टनच्या बंदरातील डीअर बेटावर नेऊन ठेवले गेले. तेथे हिवाळ्याचा वारा, अपुरा निवारा आणि खायला बहुतांशी शिंपले. बेट सोडण्यास बंदी. सुमारे पाचशे माणसे तेथे होती, त्यांतील पुष्कळ मेली. येथे रोग आणि थंडी यांना दोष देणे म्हणजे कोंडणाऱ्याला मोकळे सोडणे होय.

बॉस्टन, १७२१

आता वसाहतवाल्यांच्याच घरात डोकावू. इंग्लंडमधील मोठ्या माणसांना देवी होऊन गेलेल्या असत. पण अमेरिकेत जन्मलेल्या त्यांच्या मुला-नातवंडांचे काय? बॉस्टन लहान गाव होते, देवी तेथे सतत नसे. मधल्या वर्षांत जन्मलेली पिढी मूलनिवासींसारखीच कोरी वाढे. १७२१ च्या एप्रिलमध्ये सीहॉर्स या जहाजाबरोबर देवी आली. सुमारे अकरा हजार वस्तीच्या गावात ५,८८९ जणांना देवी आल्या आणि ८४४ मेले. रक्त इंग्रजांचे, तरी रोगाने निम्मे गाव गाठले.

या साथीत एक मोठी गोष्ट घडली. कॉटन मॅदर या धर्मोपदेशकाला त्याच्या अनुयायांनी १७०६ मध्ये एक आफ्रिकन गुलाम भेट दिला होता. मॅदरने त्याचे नाव ओनेसिमस ठेवले. त्याचे मूळ नाव आपल्याला कळत नाही, हीही गुलामीची एक खूण आहे. तुला देवी येऊन गेल्या का, असे मॅदरने विचारले. ओनेसिमसने आपल्या दंडावरचा व्रण दाखवला. रोग्याच्या फोडातील द्रव निरोगी माणसाच्या कातडीत थोडासा टोचतात, त्याने हलका आजार येतो आणि पुढे देवीचे भय राहत नाही, अशी आपल्या देशातील रीत त्याने सांगितली. भारतातही, बंगालमध्ये विशेषतः, अशी टोचणी करणारे लोक होते.

मॅदरने ही गोष्ट डॉक्टरांपुढे मांडली. बहुतेकांनी तिची टर उडवली. गुलामांच्या सांगण्यावर विश्वास कसा ठेवायचा, हाही आक्षेप त्यात होता. झॅब्डिएल बॉइल्स्टन या एकाच डॉक्टराने धाडस केले. २६ जून १७२१ रोजी त्याने स्वतःच्या सहा वर्षांच्या मुलाला आणि घरातील दोन गुलामांना टोचले. मुलाच्या बाबतीत तो बाप होता. गुलामांना मात्र कोणी विचारले नसणार, हे विसरता कामा नये. गावात संताप उसळला आणि मॅदरच्या घरात पेटता हातबाँब फेकला गेला. साथ संपली तेव्हा हिशेब झाला. आपोआप देवी आलेल्यांपैकी शंभरांत सुमारे चौदा मेले होते. बॉइल्स्टनने टोचलेल्या सुमारे अडीचशे जणांपैकी सहा मेले, म्हणजे शंभरांत दोन-तीन.

ज्याला माणूस म्हणून किंमत नव्हती, त्याच्याजवळचे ज्ञान गावाला वाचवू शकत होते. विषमता गरिबालाच मारते असे नाही. ती ज्ञानाची वाटही अडवते आणि वरच्यालाही मारते.

मुद्दाम पसरवलेला रोग आणि न दिलेली लस

रोग मुद्दाम पसरवले का, असे विद्यार्थी नेहमी विचारतात. एक घटना नक्की नोंदलेली आहे. १७६३ च्या जूनमध्ये पेनसिल्व्हेनियातील फोर्ट पिट या किल्ल्यात, वाटाघाटीला आलेल्या मूलनिवासींना देवीच्या रुग्णालयातील दोन कांबळी आणि एक रुमाल देण्यात आला. रोग लागावा हा हेतू विल्यम ट्रेंट या तेथील व्यापाऱ्याने रोजनिशीत लिहून ठेवला आहे. हे कृत्य नीचपणाचे होते, यात शंका नाही.

परंतु आम्हांला त्याहून गंभीर वाटते ती पुढची गोष्ट. १७९६ मध्ये जेनरने गोस्तन देवीची लस शोधली. १८३२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने मूलनिवासींना लस देण्यासाठी १२,००० डॉलर मंजूर केले. पण मिसूरी नदीच्या वरच्या भागातील लोकांपर्यंत हे काम नेऊ नये, असे युद्धखात्याचे मंत्री ल्यूइस कॅस यांच्या आदेशाने ठरले. मँडन लोक त्या भागात होते. १८३७ मध्ये फर कंपनीच्या आगबोटीबरोबर तेथे देवी पोहोचली. सोळाशे ते दोन हजार मँडनांपैकी दीडशेच्या आसपास माणसे उरली. तेथे कोणी विषारी कांबळे देण्याची गरज नव्हती. उपाय हाती असताना तो कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, एवढे कागदावर ठरवले की पुरे झाले.

आजचा प्रश्न

देवी आता जगात नाहीत. भारतातील शेवटचे रुग्ण १९७५ मध्ये सापडले आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जग देवीमुक्त झाल्याचे जाहीर केले. पण आपला प्रश्न देवीबरोबर संपला नाही.

२०२० मध्ये कोरोनाची साथ आली. न्यू इंग्लंडपासून फार दूर, अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात नाव्हाहो या मूलनिवासींचे मोठे क्षेत्र आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात तेथील लागणीचे दरडोई प्रमाण न्यूयॉर्क राज्याच्याही पुढे गेले. साबणाने वारंवार हात धुवा, असे सारे जग सांगत होते. तेथील सुमारे एक तृतीयांश घरांत मात्र नळाचे पाणी नव्हते. या वेळी तर रोग सर्वांनाच नवा होता. कोणाच्याही रक्तात त्याची ओळख नव्हती. तरीही मरण सारखे वाटले गेले नाही. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला. १८६८ च्या तहानुसार नाव्हाहोंना पाणी मिळवून देण्यासाठी सरकारने स्वतःहून पावले उचलावीत असे बंधन नाही, असा तो निर्णय होता. १६३४ मध्ये कनेक्टिकटच्या काठी माणसे पाण्यासाठी रांगत होती. मधल्या चारशे वर्षांत जंतू बदलले. पाण्याचा प्रश्न मात्र राहिला.

आणखी एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाम्पानोआग लोक नष्ट झाले, असे अनेक पुस्तकांतून सूचित होते. ते खरे नाही. अक्विना येथील वाम्पानोआगांना १९८७ मध्ये आणि मॅशपी येथील लोकांना २००७ मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता मिळाली. १९७० पासून ते व इतर मूलनिवासी प्लिमथ येथे नोव्हेंबरातील उत्सवाच्या दिवशी शोकदिन पाळतात. बोलणारे कोणी न उरलेली आपली भाषा जेसी लिटल डो बेअर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून पुन्हा शिकायला व शिकवायला घेतली. तिच्यासाठी १६६३ मध्ये छापलेले त्या भाषेतील बायबल आणि जुनी खतपत्रे उपयोगी पडली. ज्या कागदांनी जमीन गेली, त्याच कागदांतून त्यांनी आपले शब्द परत मिळवले.

मित्रहो, आता समारोप करतो. कोणत्याही साथीविषयी वाचताना मृतांचा आकडा पाहून थांबू नका. त्यानंतर चार प्रश्न विचारा. आजाऱ्याला पाणी कोण देत होते? घरात दाणे किती दिवसांचे होते? निवारा कसा होता? आणि उपाय ठाऊक असताना तो कोणापर्यंत पोहोचला नाही? या प्रश्नांची उत्तरे रक्तात सापडत नाहीत. ती जमिनीच्या कागदांत, अन्नाच्या साठ्यात, सरकारी आदेशांत आणि शेजाऱ्याच्या वागणुकीत सापडतात. आणि जी गोष्ट माणसांनी ठरवलेली आहे, ती माणसांना बदलताही येते.

प्लिमथच्या त्या हिवाळ्यात सहा-सात माणसे उभी होती, म्हणून पन्नासएक वाचली. आपल्या संस्थेसारख्या संस्थांचे काम हेच आहे, असे आम्ही मानतो. साथ येण्याआधी आपल्या वस्तीत अशी सहा-सात माणसे तयार असावीत, ती कोणाच्याही दारात पाण्याचा तांब्या घेऊन जाण्यास कचरू नयेत, आणि पाण्याचा नळ प्रत्येक दारापर्यंत यावा म्हणून वर्षभर भांडत राहावीत. सेवा आणि न्याय या दोन्ही गोष्टी बरोबर चालल्या, तरच साथीत माणसे कमी मरतात.